सोल्दात बोम (१९४८) : सगळे नियम पाळणारा शिपाई

उत्तरायण (धागाकर्ता)

स्वीडनमधल्या शोव्देला राहायला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली. गाव लहान आहे, पण इथे व्होल्वोचा इंजिनांचा कारखाना आहे आणि स्काराबोर्ग रेजिमेंट आहे. कारखान्यामुळे आमच्यासारखी काही मराठी घरं इथे आली. रेजिमेंटमुळे शुक्रवारी संध्याकाळी स्टेशनावर पाठीला हिरव्या बॅगा लावलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलंमुली घरी निघालेली दिसतात. सक्तीची लष्करी सेवा करणारी ही पोरं. स्वीडनने २०१० मध्ये सक्ती थांबवली होती. २०१७ मध्ये ती परत आणायचं ठरलं, आणि आता मुलींनाही लागू आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर एक आजोबा राहतात, वय ८९. स्वीडिशमध्ये आम्ही एकमेकांना नावाने आणि 'तू' म्हणूनच हाक मारतो, पण घरात आमच्यासाठी ते आजोबाच. दर गुरुवारी ते एर्टसोप्पा करतात. वाळलेले पिवळे वाटाणे आदल्या रात्री भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी पार गाळ होईपर्यंत रटरटू द्यायचे, त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे, वरून चमचाभर मोहरीची तिखट पेस्ट. मागून पातळ पॅनकेक आणि जॅम. गुरुवारीच का, तर सैन्यात गुरुवारी हेच जेवण असतं, अजूनही. माझ्यासाठी ते मांस न घालता लहान पातेल्यात वेगळं शिजवतात. आमच्या घरी आईचा दत्ताचा गुरुवार असायचा, त्यामुळे गुरुवारचं जेवण ठरलेलं असणं मला अगदी ओळखीचं वाटतं.

मागच्या गुरुवारी वाडगे हातात घेऊन आम्ही टीव्हीसमोर बसलो. इथल्या सार्वजनिक वाहिनीवर दुपारी जुने स्वीडिश चित्रपट लागतात. त्या दिवशी 'सोल्दात बोम' होता. १९४८ चा, कृष्णधवल, दिग्दर्शक लार्स-एरिक शेल्ग्रेन. मुख्य भूमिकेत निल्स पोप्पे.

फाबियान बोम हा एका छोट्या स्टेशनचा मास्तर. स्वीडिशमध्ये स्टेशनमास्तरला 'स्टिन्स' म्हणतात. पडद्यावर रंग कळत नाहीत, पण स्टिन्सची टोपी लाल असायची, असं आजोबांनी सांगितलं. हा बोम सैन्यात साधा शिपाई म्हणून जातो. आता विनोदपटातला शिपाई म्हटल्यावर आपण एखादा कामचुकार, साहेबांना टोप्या घालणारा, भिंतीवरून उड्या मारून गावात पळणारा गडी डोळ्यांपुढे आणतो. बोम त्याच्या अगदी उलट. सगळे जे नियम सांगतात, ते तो खरंच पाळतो. अक्षरशः, शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत. पुस्तकात जे लिहिलंय ते त्याला मनापासून मान्य आहे, आणि त्यापायी वरिष्ठांना पळता भुई थोडी होते. बंडखोर शिपायाला काय शिक्षा करायची हे त्यांना ठाऊक असतं. आज्ञाधारक शिपायाला कुठल्या कलमाखाली धरणार?

पोप्पे १९०८ मध्ये माल्मोला जन्मला, म्हणजे या चित्रपटाच्या वर्षी तो चाळीस वर्षांचा होता. चाळिशीतला माणूस रंगरूट म्हणून रांगेत उभा, हेच आधी मजेशीर दिसतं. अंगाने किरकोळ, डोळे मोठे, चेहरा रबरासारखा. तो सलाम ठोकतो तेव्हा मी त्याचे पाय बघत होतो. सलाम टाचांपासून सुरू होतो, गुडघ्यांतून वर चढतो, पाठीचा कणा ताठ करतो आणि मग हात कपाळाला लागतो. तोवर चेहऱ्यावर मात्र पूजेला बसलेल्या माणसाचा भाव. त्या भावामुळे मला तो फार आवडला. पोप्पे या माणसाची टिंगल करत नाही. बोमला कर्तव्यातून मिळणारा आनंद तो खरा मानून दाखवतो.

नावही बघा. 'बोम' म्हणजे फाटकाचा आडवा दांडा, रेल्वे क्रॉसिंगला खाली येतो तो. आणि नेमबाजीत गोळी चुकली की त्यालाही 'बोम'च म्हणतात. स्टेशनमास्तर आणि शिपाई दोन्ही एका अक्षरात बसले. मला त्यात आणखी एक गोष्ट ऐकू येते. १९०१ मध्ये सक्तीची भरती आली त्याआधी इथे गावांनी मिळून एकेक शिपाई पोसायची पद्धत होती. एका तुकडीत ढिगाने आंदेर्सोन असायचे, म्हणून शिपायांना एका शब्दाची नावं देत. रास्क म्हणजे चपळ, मूदिग म्हणजे शूर, स्तोल म्हणजे पोलाद. ती नावं पुढे आडनावं झाली, आजही ऑफिसात भेटतात. त्या शूर-चपळ मंडळींच्या रांगेत 'नेम चुकलेला' उभा केला आहे.

आजोबांनी हा चित्रपट पहिल्यांदा बाराव्या वर्षी, वडिलांबरोबर थिएटरात पाहिला. वडील युद्धाच्या काळात नॉर्वेच्या सीमेवर होते. ९ एप्रिल १९४० ला जर्मनीने डेन्मार्क आणि नॉर्वेवर हल्ला केला, स्वीडन तटस्थ राहिलं आणि हजारो शेतकरी, सुतार, कारकून गणवेश चढवून सीमेवर वाट बघत बसले. युद्ध आलं नाही. आजोबा म्हणाले, "वडील एरवी सैन्याबद्दल एक शब्द बोलत नसत. त्या दिवशी अंधारात ते इतके हसले की मी पडदा सोडून त्यांच्याकडे बघत बसलो."

तुमच्यापैकी कुणी हा किंवा या जातीचे इतर चित्रपट पाहिलेत का? मला या विषयावर बोलायला माणसं हवी आहेत.

---

रीळ

थांबा, निल्स पोप्पे म्हणजे स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनच्या 'सेव्हन्थ सील'मधला जोफ ना? पुण्यात फिल्म सोसायटीच्या दिवसांत तो चित्रपट तीनदा पाहिला. तो खेळ करणारा, ज्याला पहाटे दृष्टान्त होतात, बायको हसते, तरी तो सांगत राहतो. तेव्हा मला वाटायचं की बर्गमनच्या नेहमीच्या गंभीर मंडळींपैकीच हा एक नट असेल.

आत्ता श्रेयनामावली काढून बघितली आणि उडालोच. 'सोल्दात बोम'मध्ये पोप्पे, गुनार ब्यर्नस्ट्रांद आणि इंगा लांदग्रे. 'सेव्हन्थ सील' (१९५७) मध्ये जोफ म्हणजे पोप्पे, सरदाराचा सेवक म्हणजे ब्यर्नस्ट्रांद, आणि शेवटी किल्ल्यात वाट बघणारी सरदाराची पत्नी म्हणजे इंगा लांदग्रे! नऊ वर्षांपूर्वी बराकीतल्या विनोदपटात एकत्र असलेली तिघं प्लेगच्या गोष्टीत परत भेटतात. आणि त्या गोष्टीत मृत्यू ज्यांना सोडून देतो ते जोफ, त्याची बायको आणि तान्हं बाळ. स्वीडनमधल्या प्रेक्षकाने हे १९५७ मध्ये कसं पाहिलं असेल! ज्या चेहऱ्याला बघून दहा वर्षं हसलो, त्याच चेहऱ्याला मेरी दिसते.

आपण बाहेरचे लोक या चित्रपटांना उलट्या क्रमाने भेटतो, आधी बर्गमन आणि मग बोम. त्यात बरंच हरवतं.

---

उत्तरायण

रीळ, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आजोबांना सांगतो. बर्गमन १९५२ ते १९५८ माल्मोच्या नगर नाट्यगृहात होता, आणि पोप्पे मूळ माल्मोचा. पुढे पोप्पेने हेल्सिंगबोर्गला उघड्यावरच्या फ्रेड्रिक्सडाल थिएटरमध्ये वर्षानुवर्षं उन्हाळी प्रहसनं केली. आजोबा बायकोला घेऊन तिथे गेले होते.

---

आउटर_सिग्नल

लेख वाचला आणि गप्प बसवेना. मी ३४ वर्षं स्टेशन मास्तर होतो, बरीचशी एकेरी मार्गावर. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली.

तुम्ही लिहिलंत की सगळे नियम अक्षरशः पाळले की वरिष्ठांना पळता भुई थोडी होते. ही गोष्ट रेल्वेवाल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आमच्यात संपापेक्षा हलकं पण संपाइतकंच जालीम एक हत्यार होतं, 'नियमानुसार काम'. कुणी काम बंद करायचं नाही, कुणी घोषणा द्यायच्या नाहीत. फक्त पुस्तकात जे लिहिलंय ते सगळं, त्याच क्रमाने, एकही पायरी न गाळता करायचं. दुपारपर्यंत गाड्या तुंबतात. आणि कारवाई कुणावर करणार? प्रत्येकाकडे नियमाचा क्रमांक तयार!

पण म्हणून नियम फालतू आहेत असा अर्थ कृपया काढू नका. रात्री दोन वाजता मी फाटकावरच्या गेटमनला फोन करतो. तो फाटक बंद करून कुलूप लावतो आणि मला एक आकडा सांगतो. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात, छापील कागदावरचा, एकदा वापरला की खोडायचा. मी तो रजिस्टरात लिहितो, मग सिग्नल देतो. तो आकडा नुसता अंदाजाने लिहिला तर? शंभरातल्या नव्याण्णव रात्री काहीच होणार नाही. शंभराव्या रात्री फाटकात ट्रॅक्टर उभा असेल. नियमाच्या पुस्तकातली बरीचशी कलमं कुणाच्या तरी मरणानंतर लिहिली गेली आहेत, असं आमचे ट्रेनिंगचे सर सांगायचे.

त्यामुळे स्टेशन मास्तरलाच बराकीत पाठवायची कल्पना ज्याला सुचली, त्याला माझा नमस्कार. रेल्वेत नियम जीव वाचवतो हे त्याच्या हाडात मुरलेलं. तोच माणूस जिथे निम्मे नियम फक्त रुबाबासाठी आहेत अशा जागी येतो. तो दोन्हीकडे सारखाच वागणार.

---

उत्तरायण

मास्तर, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. चित्रपट बघताना नेमकं हेच जाणवत होतं आणि मला मांडता आलं नव्हतं. बोम वेडा नाही. त्याचं वागणं एका जागी शहाणपणाचं आणि दुसऱ्या जागी उत्पाती ठरतं.

---

जवान_निवृत्त

मी सातारा जिल्ह्यातला. बेळगावच्या सेंटरला ट्रेनिंग, मग सतरा वर्षं सेवा. स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

वर्दीवर हसणारे चित्रपट मला मनापासून आवडत नाहीत. आमच्याकडे भरतीला पोरं पहाटे चारला उठून सोळाशे मीटर पळायचा सराव करतात, दोन-तीन वेळा अपयश आलं तरी परत येतात. ती वर्दी मिळवलेली असते. थिएटरात बसून तिच्यावर हसणं मला जड जातं.

उस्तादाच्या हाताखाली रगडा आम्हीही खाल्ला. किट लेआउटला, म्हणजे सगळं सामान मांडून दाखवताना, मोजा अर्धा इंच वाकडा म्हणून सगळी खाट उलटी केलेली पाहिली. रात्री त्यावर पोट दुखेपर्यंत हसलोही. पण ते बराकीतलं हसू बराकीत राहिलं.

---

उत्तरायण

भाऊ, राग कसला. तुमचं म्हणणं मला पटतं, आणि त्यातच इथला फरक आहे असं वाटतं. आपल्याकडे सैन्य स्वेच्छेचं, म्हणून बराकीतला विनोद बराकीत राहतो. इथे विसाव्या शतकात घरटी एक पुरुष बराकीतून आला. थिएटरात बसलेला बाप, काका, पोस्टमन, न्हावी, सगळ्यांनी तो उलटवलेला पलंग पाहिलेला. म्हणजे अख्खं थिएटर हीच एक बराक. बाहेरचा कुणी त्यांच्यावर हसत नव्हता.

दुसरं म्हणजे, स्वीडनचं शेवटचं युद्ध १८१४ चं. १९०१ पासून लाखो पोरं प्रशिक्षित झाली, पण देश युद्धात उतरला नाही. त्यामुळे या विनोदामागे चितेचा धूर नाही. जिथे दर घरातून एक पोरगा परत आला नाही, अशा देशात १९४८ मध्ये असा निर्मळ विनोदपट निघणं अवघड होतं.

लष्करी सेवेला इथे बोलीभाषेत 'लुम्पेन' म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ चिंध्या. अंगाला न बसणाऱ्या सरकारी कपड्यांवरून पडलेलं नाव. आजोबा हा शब्द फार मायेने उच्चारतात.

---

वैजू_तळेगाव

वाचनखूण साठवली. एक प्रश्न: हा श्वेइकचाच भाऊ नाही का? यारोस्लाव हाशेकचा तो चेक शिपाई, जो हुकूम पाळून पाळून ऑस्ट्रियाच्या सैन्याची वाट लावतो?

---

रीळ

वैजू, दिसायला भाऊ, पण रक्त वेगळं. श्वेइक खरंच भोळा आहे की भोळेपणाचं सोंग घेतोय, हे हाशेक शेवटपर्यंत कळू देत नाही. तो परक्या साम्राज्यासाठी लढतोय, ज्याच्याबद्दल त्याला काडीचं प्रेम नाही. बोमचं तसं नाही. सैन्य त्याच्याच देशाचं, आणि त्याची श्रद्धा खरी. मला वाटतं म्हणूनच श्वेइकचं हसू बोचतं आणि बोमचं हसू पोटात उबदार वाटतं. मला श्वेइक मोठा वाटतो. पण आजारी माणसाजवळ बसून कोणता चित्रपट लावू, तर बोमचा.

---

चौलची_लेक

मराठी माणसाला सक्तीची भरती माहीत नाही असं वर कुणी म्हणालं नाही, पण सूर तसा वाटला म्हणून लिहिते. आमच्या चौल-रेवदंडा-अलिबाग पट्ट्यातली बेने इस्राएली, म्हणजे मराठी बोलणारी ज्यू, कुटुंबं इस्राएलला गेली, तिथे मुलामुलींना दोघांनाही सक्तीची सेवा आहे. माझ्या आईची बालमैत्रीण अशदोदला असते. अजून फोनवर अस्सल अलिबागी मराठीत बोलते. तिचा मुलगा सैन्यात गेला तेव्हा ती रोज रात्री दिवा विझवायची नाही, असं आई सांगते. नातवंडंही जाऊन आली.

तिच्याकडूनच कळलं की तिकडेही एक असाच चित्रपट घराघरात पाठ आहे, 'गिव्हात हाल्फोन' नावाचा, १९७६ चा. सिनाईच्या वाळवंटात राखीव सैनिकांच्या तळावरचा गोंधळ. दिग्दर्शक असी दायान, म्हणजे १९७४ पर्यंत संरक्षणमंत्री असलेल्या मोशे दायान यांचा मुलगा. तिकडे तर युद्ध नुकतंच होऊन गेलेलं, तरी लोक हसले. त्यामुळे उत्तरायण, तुमचा 'चितेचा धूर' हा मुद्दा मला पूर्ण पटला नाही. कदाचित जिथे घरटी माणूस जातो, तिथे हसावंच लागतं. धूर असो वा नसो.

---

उत्तरायण

ताई, मान्य. मी घाईने लिहिलं. मावशींचा न विझवलेला दिवा डोळ्यांपुढून जात नाही.

---

कुंपणावरून

या मालिकेत आणखी काय बघावं? सबटायटल्स मिळतात का?

---

उत्तरायण

बोमचेच आणखी आहेत. 'पाप्पा बोम' (१९४९), 'तुल-बोम' (१९५१), त्यात तो जकात खात्यात, आणि 'फ्ल्यूग-बोम' (१९५२), त्यात विमानदलात. पहिल्यासारखी मजा नाही. एकदा कळलं की हा सगळं अक्षरशः करणार, की पुढचं दिसायला लागतं.

त्याआधीचा '९१ कार्लसोन' (१९४६) आहे. तो मुळात रुडॉल्फ पेतेर्सोनच्या १९३२ पासूनच्या चित्रकथेवरून घेतला आहे. ९१ हा शिपायाचा नंबर, त्याचा दोस्त आणि प्रतिस्पर्धी ८७. तिचं मासिक १९५६ पासून आजवर चालू आहे. माझा मुलगा स्वीडिश वाचायला त्याच्यावरच शिकला. आणि १९७९ चा लासे ओबेर्यचा 'रेपमोनाद' जरूर बघा. लग्न, पोरं, पोट सुटलेले पुरुष उजळणीच्या प्रशिक्षणाला परत बोलावले जातात. उपशीर्षकाचा अर्थ 'पुरुषांना पोरं कसं बनवावं'. सैन्य पोरांना पुरुष बनवतं, या म्हणण्याला उलटं केलंय.

सबटायटल्सबद्दल एक खंत. जुन्या स्वीडनमध्ये वरिष्ठाला 'तू' नाही, 'तुम्ही'सुद्धा नाही. थेट हुद्द्याने, तिसऱ्या पुरुषात बोलायचं. समोर उभ्या कॅप्टनला विचारायचं, "कॅप्टनना कॉफी हवी आहे का?" १९६० च्या दशकाच्या अखेरीस देशाने ही पद्धत टाकली आणि सगळे 'तू'वर आले. बोमच्या तोंडची ती लांबलचक अदब इंग्रजीत सपाट होते. मराठीत 'सरकारांनी पाणी घ्यावं' असं काहीतरी करून ती वाचवता येईल. कुणी मराठी सबटायटल्सचं मनावर घेतलं तर मी रात्री बसायला तयार आहे.

---

वैजू_तळेगाव

मी तयार. खरंच. आधी दहा मिनिटांचा तुकडा करून बघू.

---

आउटर_सिग्नल

रेल्वेचे शब्द माझ्याकडे पाठवा. 'स्टेशन अधीक्षक' वगैरे लिहू नका, मास्तरच लिहा.

---

जवान_निवृत्त

काल रात्री मुलीने लॅपटॉपवर यातला एक तुकडा लावून दिला. भाषा कळली नाही, पण हे पोरगं माझ्या ओळखीचं निघालं. आमच्या प्लाटूनमध्ये असाच एक होता, नांदेडकडचा. उस्ताद म्हणाले, मी येईपर्यंत इथून हलायचं नाही, आणि विसरून गेले. गडी रोल कॉलपर्यंत उभा. शोधायला गेलो तर म्हणाला, "उस्ताद आले नाहीत अजून." आम्ही हसलो. पुढे एका रात्री पोस्टवर माझ्या शेजारी तोच होता, आणि त्या रात्री मी निश्चिंत झोपलो. एवढंच सांगायचं होतं.

उत्तरायण, तुमच्या आजोबांना माझा सॅल्यूट सांगा, आणि त्यांचा नंबर काय होता ते विचारा.

---

उत्तरायण

आज गुरुवार, सूप पिऊनच लिहितोय. तुमचा सॅल्यूट पोचवला. ते चमचा खाली ठेवून उठून उभे राहिले, टाचा जुळवल्या, मग बसले. नंबर विचारला तर एका क्षणात म्हणाले, ६३. नंतर न विचारता सांगितलं की ६२ घोरायचा, ६४ ला आईची पत्रं वाचून दाखवावी लागायची, कारण त्याचा चष्मा फुटला होता आणि नवा यायला पाच आठवडे लागले.